कळलावीची कळ

प्रिय सुभद्रा,

काल संध्याकाळी ओढ्याच्या बांधावरून घरी येत होतो. गवतात एक पांढरं फूल दिसलं, करंगळीच्या पेराएवढं, पाकळीच्या आत जांभळी रेघ. मी वाकलो आणि सवयीनं बोलून गेलो, "हे काय गं?" मागून वैरणीचा भारा घेऊन एक बाई येत होती. तिला वाटलं, तिलाच विचारलं. "मला काय इचारता गुरुजी, तुमीच तर फुलांचे मास्तर," असं म्हणाली आणि पुढं गेली. मी त्या फुलापाशी बराच वेळ उभा होतो. नाव विसरलो होतो असं नाही. ते मला कधी माहीतच नव्हतं.

घरी आलो, हातपाय धुतले आणि लिहायला बसलो. तू जाऊन अकरा महिने झाले. इतक्या दिवसांत मी मनातल्या मनातसुद्धा तुझ्याशी धड बोललो नाही. बोलायला तोंड कुठं होतं?

सुरुवातीलाच अडलो. वर तुझं नाव लिहिलं, तर ते परक्यासारखं वाटलं. उभ्या जन्मात मी तुला नुसतं 'अगं' म्हणत आलो, आणि तू मला गावासारखंच 'गुरुजी'. दुसरं म्हणजे, तुला वाचता येत नव्हतं. तीस वर्षं मी गावातल्या पोरांकडून ग म भ न गिरवून घेतलं. मोठ्यांचा साक्षरतेचा वर्ग तर आपल्याच पडवीत भरायचा. बाप्ये पाट्या घेऊन बसायचे, तू त्यांना चहा करून द्यायचीस, कंदिलाची काच पुसून ठेवायचीस. तुझ्या हातात एक पाटी द्यावी, हे मला एकदाही सुचलं नाही. तू मागितली नाहीस, मागितली असतीस तर दिली असती, अशी मी स्वतःची समजूत काढत आलो. पण मागायला लागावीच का?

आपलं लग्न आठवतं? वैशाख होता. धर्म बदलून दोनच वर्षं झाली होती, नव्या रीतीचं लग्न बघायला आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं जमली होती. मी नुकता मास्तर झालेला. माझं म्हणणं, कर्जतच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणाव्यात. तुझ्या माहेरच्या चौक गावाहून तुझ्या बापाचा निरोप आला की फुलं आमची. मांडवात आलो, तर बुद्धाच्या तसबिरीला कुड्याच्या फुलांची माळ आणि तुझ्या हातातही तीच. तुझं लुगडं पांढरं, माळ पांढरी. माझ्याबरोबर आलेला एक मास्तर कानात म्हणाला, "जंगलातलंच तोडून आणलंय वाटतं." मी मान खाली घातली. सगळा मांडव त्या वासानं भरला होता, पण मला काही तो वास घेता आला नाही.

परतताना बैलगाडीत तू हळूच विचारलंस, वास आवडला का? मी म्हणालो, ही फुलं फार लवकर सुकतात. आपलं पहिलं बोलणं हे.

कडावच्या पुढचं आपलं हे गाव, चहूकडून भाताची खाचरं. मला त्यात भात दिसायचं आणि चिखल दिसायचा. तुला बांध दिसायचे. लाकडं आणायला डोंगराच्या अंगाला जायचीस, ती मोळीच्या दोरात फुलं खोवून यायचीस. श्रावणात तेरडा, त्याच्या मागोमाग सोनकी, कवला, कुर्डू. चवराचा तो गुलाबी शेंडा. देवाला वाहायची नव्हती, केसांत माळायची नव्हती. एका जुन्या तांब्यात ती ठेवायचीस आणि भाकऱ्या थापता थापता मध्येच त्यांच्याकडं बघायचीस. एकदा मी विचारलं, एवढी आणतेस, ह्यांचं करायचं काय? तू म्हणालीस, "करायचं काय? बघायचं."

मी हसलो होतो. शाळेत सांगण्यासारखं काही त्यात नव्हतं.

मग एका रविवारी तू मला डोंगरावरच्या कातळावर नेलंस. सकाळची वेळ, पाऊस थांबलेला, कातळावर बोटभर पाणी आणि त्यात सीतेची आसवं. सुतासारख्या दांड्यांवर निळीजांभळी फुलं, नजर जाईल तिथवर. वारा आला की सगळी एकदम मान हलवायची. तू उकिडवी बसलीस आणि माझा सदरा ओढून मलाही बसवलंस. "हात लावू नका," म्हणालीस, "नि पाय बी जपून." अर्धा तास आपण नुसतं बघत बसलो. काही न शिकवता अर्धा तास बसायची सवय नव्हती मला. तुझ्या चेहऱ्याकडं बघितलं, तर भरल्या घरात लेकीबाळी आल्यावर एखादी बाई बघते, तशी तू बघत होतीस. घरी येताना मला फार आनंद झाला होता आणि कशाचा ते सांगता येत नव्हतं. त्या आनंदावर मी थांबलो असतो, तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पण त्याच आठवड्यात मी वही केली.

तू सांगायचीस, मी लिहायचो. कुठलं फूल कधी येतं, कशाच्या सावलीत येतं, कुठलं गुराला चालतं, कुठलं चालत नाही. मी चित्र काढायचो आणि तू पिठाच्या हातानंच बोट ठेवायचीस, "पाच नव्हं, सहा पाकळ्या हायती." फाल्गुनात धायटीची लाल फुलं आणलीस आणि ती मागून चोखायला शिकवलीस. मोठा मास्तर मी, अंगणात बसून पोरासारखा फुलं चोखत होतो आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. ते दिवस खरंच चांगले होते गं. मी उगाच म्हणत नाही.

शाळेत मी फुलांचे तास घ्यायला लागलो. पोरं बाटल्यांतून फुलं आणायची आणि मी नावं सांगायचो. गावात म्हणायला लागले, गुरुजींना रानातली काडी न् काडी ठाऊक. दुसऱ्या शाळांतले मास्तर विचारायचे, हे सगळं कुठून शिकलात? मी म्हणायचो, अभ्यास आहे. घरी बायकोला विचारतो, एवढं साधं वाक्य. ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

आता कर्जतचं सांगतो. तुला माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

गणपतीच्या सुट्टीआधी तालुक्यातल्या शाळांचं प्रदर्शन होतं. माझ्या टेबलावर वाळवलेली फुलं कागदावर चिकटवून मांडली होती आणि पुढं बाटल्यांत ताजी. ती ताजी फुलं तू आदल्या दिवशी तीन तास हिंडून आणली होतीस. मी तुला ये म्हणालो नव्हतो. तू आपणच लेकीला, विमलला, घेऊन आलीस, कडावपर्यंत चालत आणि पुढं एस.टी.नं. ठेवणीतलं लुगडं नेसलीस आणि माणसांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी तुला बघितलं होतं. मान हलवली नाही.

तालुक्याचे साहेब आले. कळलावीच्या बाटलीशी थांबले. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या त्या पाकळ्या कुणालाही थांबवतील अशाच. त्यांनी विचारलं, हिला कळलावी का म्हणतात, गुरुजी? मी ऐटीत सांगितलं, की हे फूल घरात आणलं तर घरात कळ लागते, भांडणं होतात, अशी लोकांची समजूत आहे.

मागून तुझा आवाज आला. "भांडनाची कळ नव्हं, गुरुजी. बाळंतणीची कळ. अडलेल्या बाईला सुईण हिचा कंद उगाळून लावते. निस्ता लावायचा. पोटात गेला तर मानूस जातो."

सगळे वळून बघायला लागले. दोन हेडमास्तर गालात हसले. बाळंतणीची गोष्ट, ती बाईनं, अशी भर पुरुषांत काढलेली. माझे कान तापले. मी म्हणालो, "तुला काय कळतंय? गप बस." आणि साहेबांकडं वळून म्हणालो, "बायको आहे माझी. अडाणी आहे, मनावर घेऊ नका."

अडाणी. सुभद्रा, हा शब्द मी वापरला. साहेबांनी तुझ्याकडं मान वळवली होती. त्यांना ऐकायचं होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. म्हणूनच मी घाईनं पुढची बाटली त्यांच्यासमोर सरकवली.

परतीच्या एस.टी.त तू विमलला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलीस. रडली नाहीस, फणफणली नाहीस. घरी येऊन चूल पेटवलीस, नेहमीसारखं वाढलंस. आणि मी काय केलं, माहीत आहे? जेवण झाल्यावर वही काढली आणि कळलावीच्या चित्राखाली लिहिलं, 'कळ म्हणजे प्रसूतीची कळ. कंद विषारी.' पुढच्या वर्षापासून मी हेच सांगायला लागलो, जणू मीच शोधून काढलं.

आठवड्यानं मी एक फूल तुझ्यापुढं धरलं आणि नाव विचारलं. तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तुमाला म्हाईत असंल."

मला वाटलं, राग आहे, जाईल दोन दिवसांत. तुझा आवाज रागाचा नव्हताच, तेच मला कळलं नाही. फुलं तू आणतच राहिलीस. तांब्यात ठेवायचीस, बघायचीस, विमलला जवळ घेऊन काहीबाही सांगायचीस. मी आत आलो की बोलणं भाजीवर यायचं. जेवणखाण, दुखणंखुपणं, माझ्या आईची शेवटची दोन वर्षं, कशात काही कमी केलं नाहीस. फक्त एका फुलाचं नाव मला परत सांगितलं नाहीस. तू भांडायला का नाही उठलीस? एकदा वही चुलीत घातली असतीस, तरी मी वठणीवर आलो असतो. एवढा मान का राखलास गं माझा?

वहीत जेवढं होतं तेवढ्यावर माझं मास्तरपण चाललं. नवीन काही समोर आलं तर मी ठोकून द्यायचो. हा तेरड्याचाच प्रकार, हे सोनकीचं भावंड. पोरं लिहून घ्यायची. फुलाचं नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं, असं मी म्हणायचो.

मग ते टंचाईचं वर्ष आलं. ज्येष्ठ लागत होता, रेशनवर तांदूळ धड मिळत नव्हता, लोक रानातून कंद खणून आणत होते. ओढ्यापलीकडच्या हिराजीची नात कुसुम, चौथीतली, ओच्यात चार-पाच कंद घेऊन आपल्या दारात आली. हिराजीनं कुंपणाची जागा साफ करताना ते निघाले होते. "गुरुजी, आजा इचारतोय, हे खायाचं हाय का?"

मी एक हातात घेतला. पांढुरका, नांगरासारखा वाकलेला. वर ना पान, ना फूल. मला माहीत नव्हतं. तू नदीवर धुणं घेऊन गेली होतीस, तासाभरात येणार होतीस. थांब म्हणायचं होतं पोरीला, एवढंच. पण ती इतक्या विश्वासानं माझ्या तोंडाकडं बघत होती, की तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, कडूकंदाचाच प्रकार आहे, दोनतीन पाण्यात उकडा आणि खा.

ती उड्या मारत गेली. तिच्या ओच्यातून एक कंद अंगणात पडला होता, तो विमलनं उचलला.

तू आलीस, विमलनं तुला तो दाखवला आणि कुसुमचं सांगितलं. मी पडवीत पेपर वाचत होतो. धुण्याची पाटी मातीत पडल्याचा आवाज आला. बघतो तर तू पळत सुटलेली. मी ओरडून विचारलंसुद्धा, कुठं निघालीस? तू वळली नाहीस. मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. तू ओढा ओलांडून, ढेकळांतून, हिराजीच्या घराकडं धावत होतीस आणि मी पेपर वाचत होतो.

बऱ्याच वेळानं आलीस. मातीत पडलेली लुगडी परत धुवायला घेतलीस. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "काय नाय."

दिवेलागणीला हिराजी आला आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडले. सांगायला लागला, कंद उकडून ताटात घेतले होते, पोरगी पहिला तुकडा तोंडाला लावणारच होती, तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी ताट उलटं केलं. कळलावीचा कंद, म्हणाल्या. मागनं गुरुजींच्या ध्यानात आलं, त्यांनीच मला पळवत पाठवलं, म्हणाल्या. "तुमी पाठवलं म्हून माझी नात वाचली, गुरुजी."

मी आत बघितलं. तू चुलीत फुंकर घालत होतीस. माझ्याकडं बघत नव्हतीस. तू मला वाट करून दिली होतीस, सुभद्रा. मी त्या वाटेनं गेलो नसतो तरी चाललं असतं. हिराजी, मी नाही पाठवलं, मला माहीतच नव्हतं, हे म्हणायला तीन दमड्यांचं धाडस लागत होतं. मी म्हणालो, "असू दे हिराजी. बघताना नजरचूक झाली होती. लगेच लक्षात आलं माझ्या."

लगेच लक्षात आलं माझ्या!

हिराजी गेला. मी आत येऊन तुझ्यापाशी बसलो. बरं केलंस, एवढं म्हणालो. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "गुरुजी, म्हाईत नाय म्हनायला काय जातं?"

तू माझ्यावर ठेवलेला हा एकच दोष. त्याला मी उत्तर दिलं नाही. पंधरा वर्षं झाली, अजून नाही.

गोष्ट गावभर झाली. गुरुजींच्या प्रसंगावधानानं मुलगी वाचली. मी ती थांबवली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या सभेत एकानं ती रंगवून सांगितली, टाळ्या पडल्या, मला शाल घातली. तू बायकांत बसली होतीस, पोरांना खाऊ वाटायची परात मांडीवर घेऊन. आपली नजरानजर झाली. तू टाळ्या वाजवत होतीस. खोट्या नव्हत्या त्या, हे मला जास्त लागलं. तीस वर्षं पोरांत घालवलेल्या माणसासाठी होत्या त्या. तेवढा मी होतो, आणि तेवढ्याचंच तू मोल केलंस.

मग तुझं दुखणं आलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. भाद्रपद होता, असाच. विमल भिवपुरीहून आली ती राहिलीच. रोज सकाळी बांधावरून ओल्या फडक्यात फुलं घेऊन यायची आणि तुझ्या अंथरुणावर ठेवायची. तू एकेक हातात घेऊन तिला नाव सांगायचीस. मी मधल्या भिंतीच्या अलीकडं, पडवीत, पेन्सिल आणि कागद घेऊन उभा राहायचो. आपल्याच घरात चोरासारखा. तुझा आवाज खोल गेलेला, अर्धी नावं निसटायची.

दुसऱ्या दिवसापासून तुझा आवाज वाढला. दमत होतीस, तरी मोठ्यानं बोलत होतीस, आणि प्रत्येक नाव दोनदा. मध्ये थांबत होतीस, लिहून व्हावं एवढं. विमलला तर ती नावं लहानपणापासून पाठ. मग दोनदोनदा कुणासाठी सांगत होतीस?

मध्ये एक उंबरा होता. तो ओलांडून मला आत यायचं होतं आणि म्हणायचं होतं, सांग, मी लिहितो. पाच दिवस होते हातात. मी भिंतीला टेकूनच उभा राहिलो. सहाव्या दिवशी विमल फुलं घेऊन आली, तेव्हा सांगायला तू नव्हतीस.

ते कागद माझ्यापाशी आहेत. पण त्यात नावं आहेत, फुलं नाहीत. कुठलं नाव कुठल्या फुलाचं, हे बघायला आत यावं लागलं असतं.

आता गेल्या रविवारचं. मी हिराजीच्या घरी गेलो. हिराजी जाऊन चार वर्षं झाली. कुसुमचा नवरा घरजावई आला, म्हणून ती त्याच घरात आहे. तिची थोरली तिसरीत आहे, आपल्याच शाळेत. कुसुमनं पाट मांडला, पाणी दिलं. मी म्हणालो, कुसुम, तुला एक सांगायचं आहे, आणि सगळं सांगितलं. कंद मला ओळखता आला नव्हता, बाईंना मी पाठवलं नव्हतं, आणि तुझ्या आज्यापुढं मी खोटं बोललो. बोलताना मी तिच्या चुलीकडं बघत होतो.

कुसुमनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ठाऊक हाय, गुरुजी."

मी विचारलं, कधीपासून?

"त्याच दिशी. आजा म्हनला, धाडलेली बाई पायात वाहाना घालून येते. ही तर अनवानी आली, पाय फुटलेले, लुगडं वलंचिंब. हिला गुरुजींनी नाय धाडली, हिची ही पळाली."

मग आजा मला हात जोडायला कशाला आला? मी परत विचारलं.

"बाईंनी सांगितलं, गुरुजींनी पाठवलं. आजा म्हनला, ज्या माऊलीनं पोर वाचवली, तिचा सबूद आपन पाडायचा नाय." कुसुमनं पदरानं कपाळ पुसलं. "आन् तो म्हनायचा, गुरुजी आज ना उद्या आपनच येऊन सांगतील. लय वाट बघितली त्यानं. दुखन्यात बी एकदा इचारलेलं, गुरुजी आलेले का गं?"

सुभद्रा, माझी लाज झाकायला तू एकटी उभी होतीस असं मी धरून चाललो होतो. सगळं घर उभं होतं. तो म्हातारा रस्त्यात भेटला की आधी राम राम घालायचा आणि क्षणभर थांबायचा. मला वाटायचं, उपकाराच्या ओझ्यानं थांबतो. तो मला बोलायला जागा देत होता. आणि मी, काय हिराजी, भात कसं आहे, असं म्हणून पुढं जात होतो.

मी कुसुमला म्हणालो, मला माफ कर. ती रागावली नाही, पण तिनं मला सोडलंही नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला तर समदं ठाऊकच हाय. शाळेत अजून तुमचीच गोष्ट सांगत्यात. माझी पोरगी परवा घरी येऊन मलाच सांगत होती, गुरुजींनी कशी एक पोरगी वाचवली. तिला मी काय सांगायचं?"

त्याला माझ्याकडं एकच उत्तर होतं, आणि ते मी कुसुमला देऊन आलो आहे. तुलाही देतो.

शाळेच्या हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवली आहे. सोमवारी प्रार्थना झाली की मी पोरांपुढं उभा राहीन. विमल येणार आहे, येताना कळलावीचा वेल मुळासकट खणून आणायला सांगितलं आहे, म्हणजे कंद पोरांना डोळ्यांनी बघता येईल. तो काय आहे, ते विमल सांगेल. मला तो ओळखता आला नव्हता, हे मी सांगेन. कुणी ओळखला आणि कोण अनवाणी पळालं, तेही मीच सांगेन, आणि तुझं नाव घेईन. गुरुजींची बायको म्हणून नाही, सुभद्रा म्हणून. पोरं हसली तर हसू देत. गावात चार दिवस चर्चा झाली तर होऊ दे. माझा आवाज कापेल, मला माहीत आहे. तरी पुरं सांगूनच खाली बसेन. हे माझं तुला वचन.

तुझा,
काशिनाथ